उपग्रहांची दृष्टि व आपल्या भूमीचें पालटतें आच्छादन

मध्य रेल्वेवर वांगणी व नेरळ यांच्या मध्यें शेलू नांवाचें एक लहान स्टेशन आहे. पश्चिमेस माथेरान व पेबची डोंगररांग, पूर्वेस दूरवर भीमाशंकराकडील सह्याद्रीचे कडे, आणि मध्यें उल्हास नदीच्या खोऱ्यांतील भातशेतें, असा हा मुलूख. येथील एखाद्या वृद्ध गृहस्थास विचारा. तो सांगेल कीं पूर्वीं गाडींतून उतरतांच शेतें लागत, अमक्या टेकडीवर दाट रान होतें, तमक्या ओहोळास होळीपर्यंत पाणी असे. त्याचें सांगणें खोटें नसतें. परंतु शेत किती एकर गेलें, कोणत्या सालीं गेलें, रान तुटलें कीं केवळ विरळ झालें, हें त्यास सांगतां येत नाहीं. तलाठ्याच्या दप्तरांत सातबारा असतो, पीकपाहणी असते. पण ती सर्व्हे नंबरापुरती बोलते, आणि मागील वर्षींची नोंद पुढील वर्षींही जशीच्या तशी उतरल्याचें कधीं कधीं घडतें, हें खेड्यांत राहिलेल्या कोणासही ठाऊक आहे.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाहीं. मुंबईच्या गिरणी कामगारांना शेलू व वांगणी येथें घरें द्यावींत अशी योजना अलीकडे पुढें आली व २०२५ च्या जुलै महिन्यांत कामगारांनीं मुंबईस आझाद मैदानावर जमून तीस विरोध केला. आपणांस मुंबईबाहेर कां घालवितां, हा त्यांचा प्रश्न होता. आम्हांस येथें दुसराही एक प्रश्न सुचतो. नकाशावर जी जमीन ‘मोकळी’ म्हणून दिसते, ती खरोखर काय असते? गवताचें वरकस रान, पड टाकलेलें नाचणीचें शेत, कीं पावसांत पाणी सांठवून ठेवणारी खोलगट जागा? असल्या प्रश्नांचें निदान कांहीं अंशीं तरी उत्तर देणारें एक साधन गेल्या पन्नासाहून अधिक वर्षांत मनुष्याच्या हातीं आलें आहे, तें म्हणजे पृथ्वीभोंवतीं फिरणारे व तिचीं चित्रें घेणारे उपग्रह. तें साधन काय सांगतें, काय सांगूं शकत नाहीं, व त्याच्या सांगण्यावर कोणाचें काय अवलंबून आहे, हें या लेखांत पाहूं.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानांत घ्यावा. भूमीचें आच्छादन वेगळें व भूमीचा वापर वेगळा. भूमीवर प्रत्यक्ष जें पसरलेलें असतें, म्हणजे झाडें, गवत, पीक, पाणी, उघडा कातळ, छपरें व रस्ते, तें आच्छादन. मनुष्य त्या भूमीचें काय करतो, तो वापर. शेलूच्या आसपास कुंपण घालून, खांब रोवून, प्लॉट पाडलेल्या जमिनी पुष्कळ दिसतात. त्यांवर घर उठेपर्यंत दहा वर्षेंही जातात, व तोंपर्यंत गवतच वाढत असतें. अशा जमिनीचें आच्छादन गवत व वापर घरबांधणीचा. शेजारच्या शेतकऱ्यानें गुरांसाठीं राखलेल्या रानाचेंही आच्छादन गवतच. उपग्रहास दिसतें तें आच्छादन. वापर हा मनुष्यानें तर्कानें किंवा चौकशीनें ठरवावयाचा असतो. वर्तमानपत्रांतील पुष्कळ घोटाळे या दोहोंस एक समजल्यामुळें होतात.

आतां उपग्रह पाहतो कसा? आपण जसें पाहतों तसाच, म्हणजे परावर्तित प्रकाशानें. सूर्याचा प्रकाश भूमीवर पडला म्हणजे प्रत्येक पदार्थ त्यांतील कांहीं भाग गिळतो व कांहीं परत टाकतो. हिरवें पान आपलें अन्न तयार करण्यासाठीं तांबडा व निळा प्रकाश शोषून घेतें आणि हिरव्यापैकीं थोडा परत टाकतें, म्हणून तें आपणांस हिरवें दिसतें. परंतु तांबड्याच्या पलीकडे, जेथें मनुष्याची दृष्टि थांबते, तेथले अवरक्त किरण पान फार मोठ्या प्रमाणांत परत टाकतें. आपल्या डोळ्यांस ते किरण दिसत असते तर श्रावणांतील माथेरानचा डोंगर डोळे दिपविणारा भासला असता. पाण्याची गोष्ट उलट. तें हे किरण जवळजवळ सर्व गिळून टाकतें. म्हणून अवरक्त चित्रांत नदी व तळें काळें दिसतें. उघड्या मातीचें परावर्तन या दोहोंच्या मधलें.

या गुणाचा उपयोग एका साध्या अपूर्णांकानें करतात. अवरक्त परावर्तनांतून तांबडें परावर्तन वजा करावें व त्या वजाबाकीस दोहोंच्या बेरजेनें भागावें. उदाहरणादाखल, दाट झाडीनें तांबड्या प्रकाशापैकीं शेंकडा ५ व अवरक्तापैकीं शेंकडा ४५ परत टाकला असें धरूं. वजाबाकी ४०, बेरीज ५०, भागाकार ०.८. नांगरलेल्या कोरड्या शेतानें शेंकडा २० व शेंकडा ३० परत टाकला, तर वजाबाकी १०, बेरीज ५०, भागाकार ०.२. पाण्याचा आंकडा बहुधा शून्याच्याही खालीं जातो. यास वनस्पति-निर्देशांक म्हणतात. बेरजेनें भागण्याचा हेतु असा कीं सूर्य तिरपा असला किंवा डोंगराची छाया पडली, तर दोन्ही आंकडे बहुतांशीं एकाच प्रमाणांत घटतात आणि गुणोत्तर फारसें बिघडत नाहीं. गणिताच्या तासास कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांनीं अपूर्णांकाचा हा उपयोग अवश्य पाहावा. या चित्रांत अवरक्त किरणांस तांबडा रंग देण्याची प्रथा आहे, म्हणून अशा चित्रांत अरण्य लालभडक दिसतें. नवशिक्या माणसास तें पाहून आग लागल्याचा भास होतो.

अवरक्त किरणांची ही युक्ति आपल्या देशांत उपग्रहाच्याही अगोदर वापरून पाहिली गेली. केरळांतील माडांस मुळांचा एक रोग लागतो. १९७० मध्यें प्रा. पी. आर. पिशारोटी यांनीं हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर माडांच्या बागांचीं छायाचित्रें घेवविलीं आणि रोगी माड निरोगी माडांहून वेगळे ओळखतां येतात असें दिसून आलें. पानाचें आंतील आरोग्य बिघडलें म्हणजे अवरक्त परावर्तन घटतें. हे पिशारोटी पुण्यांतील उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे पहिले संचालक होते. भारतांत सुदूर संवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून मानतात.

भूमीचीं चित्रें नियमानें घेत राहणारा पहिला उपग्रह अमेरिकेनें २३ जुलै १९७२ रोजीं सोडला. पुढें त्यास लँडसॅट १ हें नांव मिळालें. त्यावरील ज्या यंत्रानें हें सर्व शास्त्र उभें केलें तें व्हर्जिनिया नॉरवुड नांवाच्या बाईंनीं योजिलें होतें. आपल्या देशानें भास्कर १ हा उपग्रह ७ जून १९७९ रोजीं व भूनिरीक्षणाचा पहिला पूर्ण उपग्रह आयआरएस १ए हा १७ मार्च १९८८ रोजीं, दोन्ही सोव्हिएट रशियाच्या साहाय्यानें, आकाशांत पाठविले. त्यानंतरचे रिसोर्ससॅट व कार्टोसॅट हे उपग्रह श्रीहरिकोट्याहून आपल्याच अग्निबाणांनीं गेले. युरोपीय राष्ट्रांचे सेंटिनेल २ मालेंतील उपग्रह २०१५ पासून काम करीत आहेत. यांतील दीर्घायुषी म्हणजे लँडसॅट ५. तीन वर्षें टिकावा म्हणून १९८४ त सोडलेला हा उपग्रह २०१३ पर्यंत चित्रें पाठवीत राहिला. एकाच भूमीचा एवढा दीर्घ व अखंड इतिहास दुसऱ्या कोणत्याही दप्तरांत सांपडत नाहीं. २००८ पासून लँडसॅटचा सर्व संग्रह विनामूल्य खुला झाला, त्यामुळें शाळेंतील मुलासही संगणकावर आपलें गांव १९८८ त कसें होतें हें पाहतां येतें. आपल्या अवकाश संस्थेचें ‘भुवन’ हें संकेतस्थळही २००९ पासून आहे.

अशा चित्राचा सर्वांत लहान भाग म्हणजे पिक्सेल, एक चौकोनी ठिपका. त्या ठिपक्याच्या आंत काय काय आहे हें चित्र वेगळें सांगत नाहीं. सर्वांची सरासरी काढून एकच आंकडा देतें. म्हणून ठिपका भूमीवर केवढा, हा पहिला प्रश्न. पुस्तकांत तो मीटरांत दिलेला असतो. आपण गुंठ्यांत करून पाहूं, म्हणजे मनांत नीट बसेल. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. लँडसॅट १ चा ठिपका सुमारे ७९ मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ ६२ गुंठ्यांचा; दीड एकराहून अधिक. लँडसॅट ५ चा ३० मीटरांचा, म्हणजे सुमारे ९ गुंठे. रिसोर्ससॅटच्या लिस ३ या कॅमेऱ्याचा साडेतेवीस मीटरांचा, म्हणजे साडेपांच गुंठे. सेंटिनेल २ चा १० मीटरांचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. लिस ४ चा ५.८ मीटरांचा, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा.

आतां शेलूकडील भातखाचरें डोळ्यांपुढें आणा. कित्येक खाचरें दोनतीन गुंठ्यांचीं, मध्यें बांध, बांधावर एखादें आंब्याचें किंवा सागाचें झाड, कोपऱ्यांत खोपटें. नऊ गुंठ्यांच्या ठिपक्यांत ही सर्व सृष्टि एक होऊन जाते. १९७० नंतरच्या दशकांतील चित्रावरून मोठें जंगल, मोठें तळें, मोठें शहर ओळखतां येईल. परंतु एका शेतकऱ्याचें शेत त्यावरून ओळखूं म्हणणें हें लांबून आलेल्या गलक्यांतून एका माणसाचा आवाज ओळखूं म्हणण्यासारखें आहे.

याहूनही मोठी अडचण ऋतूंची. जून ते सप्टेंबरपर्यंत कर्जत-खालापूरवर ढगांचें छत असतें. त्या काळांत साध्या उपग्रहास खालचें कांहींच दिसत नाहीं. ऑक्टोबरांत आकाश निवळतें तेव्हां डोंगर गर्द हिरवे असतात आणि शेतांत भात पिवळें पडत असतें. जानेवारीपर्यंत गवत वाळतें. मार्च-एप्रिलांत साग, ऐन यांसारखीं झाडें पानें गाळून उघडीं उभीं राहतात. माथेरानच्या माथ्यावरचें अंजनी-जांभळीचें रान तेवढें बारमाही हिरवें. आतां कोणी १९९० सालच्या ऑक्टोबरचें चित्र व २०२० सालच्या एप्रिलचें चित्र शेजारीं ठेविलें, तर अर्धा तालुका उजाड झाल्याचें त्यास दिसेल. आणि महिने उलट घेतले तर तेवढीच वनश्री वाढल्याचें दिसेल! पाऊस कोणत्या वर्षीं लवकर गेला, कोणत्या वर्षीं लांबला, हेंही पाहावें लागतें. म्हणून नियम असा कीं तुलना शक्य तों त्याच महिन्यांतील चित्रांची, आणि दोनच वर्षांची नव्हे तर मधल्या अनेक वर्षांची करावी.

आमच्या भागाच्या कांहीं खास खुब्या आहेत, त्या परप्रांतींच्या अभ्यासकास चकवितात. एक म्हणजे राब. भाताचें व नाचणीचें रोप टाकण्यापूर्वीं शेतकरी झाडांच्या फांद्या, गवत, पाला व शेण पसरून जमीन भाजतो. त्यासाठीं ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटतात, व झाड उन्हाळ्यांत नुसत्या खुंटासारखें उभें दिसतें. झाड मेलेलें नसतें. पावसानंतर त्यास पुन्हां पालवी फुटते. परंतु वरून पाहणारास त्या जागीं छाया देणारा माथाच नसल्यामुळें तेथें रान विरळ झाल्याची नोंद होते. दुसरी वणव्यांची. फाल्गुन-चैत्रांत गवताळ उतारांवर वणवे लागतात. त्यांचे काळे डाग चित्रांत दिसतात, आणि पाण्याचा व छायेचा डागही काळाच. तिसरी उन्हाळी भाताची. भिवपुरी येथें टाटांचें वीजगृह १९२२ पासून आहे. वीज निर्माण करून बाहेर पडणारें तेथील पाणी राजनाल्याच्या कालव्यानें कर्जत तालुक्यांतील कांहीं गांवांच्या शेतांस मिळत आलें आहे. तेथें मार्चमध्यें, सर्व मुलूख करपलेला असतांना, हिरवे पट्टे उठून दिसतात. संगणकास कोणी न सांगितल्यास तो त्यांस झाडी समजण्याचा संभव असतो.

म्हणून चित्रावरून नकाशा केल्यानंतर कांहीं जागा निवडून तेथें पायीं जाऊन पाहावें लागतें; शास्त्रांत यास भूमिसत्य पडताळणें म्हणतात. समजा, शंभर जागा पाहिल्या व त्यांपैकीं पंचायशीं ठिकाणीं नकाशा बरोबर निघाला. ही अचूकता वाईट नव्हे. पण आतां पूर्वींचा एक नकाशा व आतांचा एक, दोन्ही शेंकडा ८५ बरोबर, असे घेऊन फरक काढूं. दोन्हींच्या चुका एकमेकींवर अवलंबून नाहींत असें धरल्यास एखादी जागा दोन्ही नकाशांत बरोबर असण्याचें प्रमाण ०.८५ गुणिलें ०.८५, म्हणजे सुमारें शेंकडा ७२ च उरतें. अशा नकाशांवरून कोणी सांगूं लागला कीं गांवचें रान शेंकडा ३ नीं घटलें, तर त्याचें म्हणणें नम्रपणें ऐकून घ्यावें व विश्वास ठेवूं नये.

असो. एवढीं पथ्यें पाळल्यावर कर्जत-खालापुरांत कोणते पालट निःसंशय दिसतात? जे मोठे व एकदम झाले ते. खालापूर तालुक्यांत धावरी नदीवर मोरबे येथें धरण झालें व त्याचें पाणी नवी मुंबईस जाऊं लागलें. लँडसॅट १ च्या काळीं जेथें शेतें व वाड्या होत्या तेथें आतांच्या चित्रांत काळाभोर जलाशय आहे. २००२ मध्यें पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग खालापूरमधून जातो. त्याची रुंदी लँडसॅटच्या एका ठिपक्याएवढी आहे, तरी लांबलचक सरळ वस्तु असल्यामुळें दोऱ्यासारखी स्पष्ट उमटते. खोपोली व रसायनी येथील कारखान्यांचीं छपरें पांढरीं चमकतात. उपनगरी गाडीच्या मार्गालगत बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ यांच्या बाजूनें घरवस्तीचे ठिपके वाढत येतात. शेतांची जागा छपरांनीं घेतली म्हणजे ती परत शेतांस मिळत नाहीं, म्हणून हा पालट ओळखण्यास सोपा. याच्या अगदीं शेजारीं माथेरानचा डोंगर आहे. त्याच्या भोंवतालचा सुमारें २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश केंद्र सरकारनें ४ फेब्रुवारी २००३ रोजीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. २००३ पूर्वींची व नंतरची चित्रमाला लावून पाहिल्यास सीमेच्या आंत व बाहेर बांधकामाचा वेग कसा आहे याचा पडताळा कोणासही घेतां येईल. एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यानें हें काम अंगावर घ्यावें.

याउलट जे पालट हळूहळू होतात ते चित्रांत लपतात. दाट रान विरळ होणें, विरळ रानाचें झुडूप होणें, विहिरीचें पाणी खोल जाणें, हे ते पालट. शिवाय ‘वन’ कशास म्हणावें हा प्रश्न आहेच. १ जून १९८१ रोजीं स्थापन झालेली भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून सुमारें दर दोन वर्षांनीं देशांतील वनाच्छादनाचा अहवाल काढते. तिची व्याख्या अशी कीं एक हेक्टर किंवा अधिक जागेंत झाडांच्या माथ्यांनीं शेंकडा १० हून कमी नाहीं इतकी भूमि झांकली असेल, तर तें वनाच्छादन. मग जमीन कोणाचीही असो व झाडें कोणतींही असोत. शेंकडा ७० व त्यावर अतिदाट, ४० ते ७० मध्यम दाट, १० ते ४० विरळ. या व्याख्येनें आंब्याची बाग व भीमाशंकराचें राई-रान एकाच सदरांत येऊं शकतें. संस्थेनें ही गोष्ट लपविलेली नाहीं; परंतु वाचणारे आंकडा तेवढा उचलतात. १९९९ च्या अहवालांतील वनाच्छादनापेक्षां २००१ च्या अहवालांतील आच्छादन सुमारें ३८ हजार चौरस किलोमीटरांनीं अधिक भरलें. दोन वर्षांत एवढें अरण्य उगवत नसतें. त्या वर्षीं नकाशाचें प्रमाण अधिक मोठें करून गणना सर्वस्वीं संगणकानें केली, त्यामुळें पूर्वीं न दिसणारे लहान लहान झाडीचे तुकडे हिशेबांत आले. वाढीचा बराच भाग त्या पद्धतीचा आहे.

ठिपक्याच्या मापानें धोरणही बदलतें याचें दुसरें उदाहरण पश्चिम घाटाचें. प्रा. माधव गाडगीळ यांच्या समितीनें २०११ त सादर केलेल्या अहवालांत सुमारें ९ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून प्रत्येकाची संवेदनशीलता ठरविली होती. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या गटानें २०१३ त सुमारें २४ मीटर ठिपक्याचीं उपग्रहचित्रें घेऊन नैसर्गिक भूप्रदेश व मनुष्यवस्तीचा, शेतीचा, लागवडीचा भूप्रदेश असे भाग केले व घाटाचा सुमारें शेंकडा ३७ भाग संवेदनशील म्हणून सुचविला. नऊ किलोमीटरच्या एका चौकोनांत डोंगरमाथ्याचें रान व पायथ्याची स्टेशनाजवळची वस्ती हीं दोन्ही सहज मावतात. चोवीस मीटरांत तीं वेगळीं पडतात. पण रान व शेत यांच्यामधलीं ओढ्यांचीं, देवराईंचीं नातीं तुटून पडतात. दोन्ही अहवालांचे पक्षपाती वर्षानुवर्षें भांडत राहिले. त्या भांडणांत चौकोनाच्या बाजूचा विचार फार थोड्यांनीं केला, असें आमचें मत आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसें बेपत्ता राहिलीं. पुढें शोध थांबविण्यांत आला. उतार निसटला म्हणजे झाडी व माती वाहून जाऊन खालचा तांबूस पट्टा उघडा पडतो, तो ढग निवळल्यावर चित्रांत स्पष्ट ओळखतां येतो. आपल्या अवकाश संस्थेनें असे डाग शोधून १९९८ पासून २०२२ पर्यंतच्या सुमारें ८० हजार दरडींचा भारताचा नकाशासंग्रह २०२३ च्या फेब्रुवारींतच प्रसिद्ध केला होता. तरीही धोक्याच्या गांवांच्या यादींत इर्शाळवाडीचें नांव नव्हतें, असें शासनानें विधानसभेंत सांगितलें. पूर्वीं जेथें दरड पडली आहे ती जागा उपग्रह दाखवितो. जेथें अजून पडलेली नाहीं ती उतार, माती, पाऊस व आच्छादन यांवरून अनुमानावी लागते. ढगांच्या अडचणीवर उपाय म्हणून रडारचे उपग्रह निघाले आहेत. ते स्वतःच लहरी सोडतात व परत आलेल्या टिपतात, म्हणून त्यांस ढग व रात्र आड येत नाहीं. भारत व अमेरिका यांनीं मिळून केलेला निसार हा असा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून गेला. दर बारा दिवसांनीं तीच भूमि पुन्हां पाहून जमिनीचें अत्यल्प सरकणेंही मोजावें, अशी त्याची योजना आहे.

शेवटीं ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्या दळी जमिनींकडे वळूं. आमच्या डोंगरांतील ठाकर व कातकरी लोक वनखात्याच्या जमिनींतील उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या नाचणी व वरी पिकवीत आले. कुलाबा जिल्हा, म्हणजे आतांचा रायगड, येथें असल्या तुकड्यांस दळी म्हणतात. उतारावरची माती लवकर थकते, म्हणून कांहीं वर्षें पीक घेऊन तुकडा पड टाकावयाचा, व पुन्हां केव्हां तरी त्याकडे यावयाचें, ही त्यांची रीत. २००६ च्या वनहक्क कायद्यानें अशा जमिनीवर हक्क मागण्याची सोय केली. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून जमीन कसण्यांत असली पाहिजे, आणि हक्क चार हेक्टरांपर्यंतच मिळेल, अशा अटी आहेत. साहजिकच तपासणारास वाटतें, त्या डिसेंबरांतील उपग्रहचित्र काढावें, शेत दिसलें तर दावा खरा, न दिसलें तर खोटा.

हें किती अवघड आहे तें वरील सर्व विवेचनावरून वाचकांस कळेल. डिसेंबरांत नाचणी कापून झालेली असते. कापणीनंतरचे पिवळे धसकट व शेजारचें वाळलेलें पिवळें गवत यांचें परावर्तन बहुतांशीं सारखेंच. तुकडा दहा-पंधरा गुंठ्यांचा, लिस ३ चा ठिपका साडेपांच गुंठ्यांचा. म्हणजे त्या शेतास पुरते दोनतीन ठिपके आले तर आले, बाकीचे कडेच्या झाडीशीं मिसळलेले. त्या वर्षीं तुकडा पड असला तर तेथें झुडपेंच दिसणार, व तीं ‘रान’ म्हणून लिहिलीं जाणार. उतार उत्तरेकडचा असला तर हिवाळ्यांतील तिरप्या सूर्यानें तो छायेंत. कार्टोसॅट १ हा अडीच मीटर ठिपक्याचा उपग्रह ५ मे २००५ रोजीं गेला होता खरा, पण त्याचीं चित्रें काळींपांढरीं. त्यांत बांधाची रेषा दिसेल, पिकाचा रंग दिसणार नाहीं. आणि लँडसॅट ७ चें एक यंत्र ३१ मे २००३ रोजीं बिघडल्यामुळें त्यापुढील त्याच्या प्रत्येक चित्रांत आडव्या रिकाम्या पट्ट्या आहेत, सुमारें शेंकडा २२ भाग गळालेला. एखाद्याची दळी नेमकी त्या पट्टींत सांपडली, तर त्या दिवसापुरती ती उपग्रहाच्या लेखीं पृथ्वीवरच नव्हती.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जेथें चित्र स्पष्ट आहे, तेथें तें गरिबाच्या बाजूचा उत्तम साक्षीदार ठरतें. त्यास कोणाची भीड नाहीं व त्याची तारीख कोणास पालटतां येत नाहीं. ज्याच्याजवळ दंडाची पावतीसुद्धां नाहीं, अशा कातकऱ्याच्या शेताचे बांध १९९० नंतरच्या चार-पांच चित्रांत ओळीनें दिसले, तर त्याहून बळकट पुरावा कोणता? एका वर्षाच्या एका चित्राऐवजीं दहा वर्षांची माला घ्यावी, पावसाळ्यानंतर लगेचचें व उन्हाळ्यांतलें अशीं दोन दोन चित्रें पाहावींत, म्हणजे पीक व पड यांचा फेरा ओळखूं येतो. रान तसा फेरा दाखवीत नाहीं.

कायद्याच्या नियमांत २०१२ सालीं दुरुस्ती होऊन उपग्रहचित्र हें इतर पुराव्यास पूरक धरावें, त्याच्या जागीं मानूं नये, असें स्पष्ट घातलें गेलें. इतर पुरावे कोणते तेंही नियमांत आहे: सपाट केलेली जमीन, बांध, झोपडी, विहीर, जुनीं दफनस्थळें, आणि दावेदाराखेरीज गांवांतील दुसऱ्या ज्येष्ठ माणसांचें लिहून घेतलेलें सांगणें.